समुद्राच्या पोटातला स्फोट

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचे एक लहानसे खेडे आहे. पेणहून खोपोलीकडे जाताना हे गाव लागते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजेच आपले विनोबा, यांचा जन्म याच गावी झाला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. गावाभोवती डोंगर आहेत, भाताची खाचरे आहेत. गावातून समुद्र काही दिसत नाही. पण तो फार दूरही नाही. धरमतरची खाडी पेणच्या बाजूला चांगली आतपर्यंत शिरलेली आहे. पावसाळ्याच्या आधी कोकणातल्या घराघरांत सुकट आणि सुके बोंबील भरून ठेवतात, ते याच समुद्रातून आलेले असतात.

आता समजा, अशा गावातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने गुरुजींना विचारले, "गुरुजी, दहा हजार किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात पाण्याखाली अणुबाँब फोडला, तर आमच्या ताटातल्या माशाला त्याचे काय?" हा प्रश्न मुळीच पोरकट नाही. १९५४ साली जगभरच्या शास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर शोधायला त्यांना जहाजे घेऊन समुद्रावर जावे लागले होते. आपणही ते उत्तर पायरीपायरीने शोधू या.

पाणी दबत नाही

आधी एक सोपा प्रयोग करा. सुई नसलेली, कोरी प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरा, पुढचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या बराच आत जातो आणि सोडला की परत येतो. आता तिच्यात पाणी भरा. हवेचा एकही बुडबुडा आत राहू देऊ नका. पुन्हा तोंड बंद करून दट्ट्या दाबा. काय झाले? दट्ट्या जागचा हलतसुद्धा नाही. सगळा जोर सरळ तुमच्या बोटावर येतो.

यावरून पाण्याचा एक महत्त्वाचा गुण लक्षात येतो. हवा दाबली की आकसते आणि धक्क्याचा बराचसा जोर स्वतःच जिरवते. पाणी जवळजवळ दबतच नाही. ते आलेला धक्का पुढे ढकलते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. समुद्राच्या पाण्यात हाच वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो, म्हणजे चौपटीहून अधिक. त्यामुळे पाण्यातला आवाज लवकर पोहोचतो आणि दूरवर पोहोचतो.

पाण्यात एखादा स्फोट झाला की त्या ठिकाणी क्षणार्धात अतिशय तप्त वायूचा फुगा तयार होतो. तो फुगताना भोवतालच्या पाण्याला प्रचंड रेटा देतो. हा रेटा सर्व दिशांना पसरू लागतो. त्याला आघात तरंग म्हणतात. हा तरंग म्हणजे आपल्याला किनाऱ्यावर दिसणारी लाट नव्हे. लाट पाण्याच्या पृष्ठभागावर असते; आघात तरंग पाण्याच्या पोटातून जातो. एखाद्या ठिकाणी तो पोहोचला की तिथला दाब एका सेकंदाच्या लहानशा अंशात कित्येक पटींनी वाढतो आणि लगेच उतरतो.

घोळ माशाचे भोत

अशा वेळी माशाचे काय होते? माशाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच बनलेले असते. त्यामुळे भोवतालच्या पाण्यातून आलेला तरंग त्याच्या मांसातून जवळजवळ सरळ निघून जातो. पण पुष्कळ माशांच्या पोटात हवेने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. या पिशवीतली हवा कमीजास्त करून मासा हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव घोळ माशाच्या पोटातून ही पिशवी जपून काढतात. तिला ते भोत म्हणतात. वाळवलेल्या भोताला परदेशात फार मोठी किंमत येते.

मासा तरंगतो तो या पिशवीमुळे, आणि स्फोटात मरतो तोही याच पिशवीमुळे. सिरिंजचा प्रयोग आठवा. पाणी दबत नाही, हवा दबते. आघात तरंग आला की सगळे शरीर जसेच्या तसे राहते, पण ही एकच पिशवी एकदम चेपते. पुढची गोष्ट तर अधिक वाईट आहे. तरंग वर पृष्ठभागापर्यंत जातो आणि तेथून परत फिरतो. परत फिरताना त्याचे रूप उलटते. जाताना तो दाबाचा तरंग होता, येताना ताणाचा होतो. चेपलेली पिशवी आता एकदम ताणली जाते आणि फाटते. तिच्या जवळचे मूत्रपिंड, यकृत आणि रक्तवाहिन्याही फाटतात. असा मासा बाहेरून पाहिला तर पुष्कळदा धडधाकट दिसतो. आतून मात्र त्याचे सगळे अवयव रक्ताळलेले असतात.

मुशी आणि पाखट यांच्यासारख्या कूर्चेच्या माशांना वाताशय नसते. खेकड्यांना आणि कोळंबीलाही ते नसते. म्हणून त्याच धक्क्यात हे प्राणी अधिक जवळ असूनही वाचू शकतात. देवमासे आणि डॉल्फिन हे मात्र मासे नव्हेत. ते आपल्यासारखे फुप्फुसांनी श्वास घेणारे सस्तन प्राणी आहेत. त्यांच्या फुप्फुसांत आणि कानांत हवा असते. त्यामुळे त्यांनाही या तरंगाची जबर इजा होते.

हे समजायला अणुबाँबच हवा असे नाही. आपल्याकडे काही ठिकाणी नदीच्या डोहात जिलेटिनची कांडी फोडून मासे मारतात, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यात हवे ते चार मासे मिळतात आणि नको असलेली सगळी पिल्ले, अंडी, बेडूक मरून जातात. शिवाय पुष्कळ मेलेले मासे तळाशी जातात, ते हाती लागतच नाहीत. भारतीय मत्स्योद्योग अधिनियम हा १८९७ सालचा कायदा. तेव्हा गागोद्याचे विनोबा दोन वर्षांचेही झाले नव्हते. त्या कायद्यातसुद्धा स्फोटके वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरवला होता. म्हणजे या पद्धतीचे दुष्परिणाम लोकांना तेव्हाच कळून चुकले होते.

आता थोडे गणित करू. स्फोटाचा मारा किती दूर जातो? स्फोटक आठपट केले तर मारा आठपट दूर जात नाही, साधारण दुप्पट दूर जातो. कारण तरंग सर्व दिशांना, म्हणजे गोलाच्या आकारात पसरतो, आणि दोनाचा घन आठ असतो. समजा, १ किलोग्रॅम स्फोटकामुळे २० मीटरपर्यंतचे मासे मरतात. १९४६ सालच्या ज्या अणुस्फोटाची हकिकत आपण आता पाहणार आहोत, त्याची शक्ती सुमारे २३ हजार टन, म्हणजे २ कोटी ३० लाख किलोग्रॅम टी.एन.टी. या स्फोटकाएवढी होती. या संख्येचे घनमूळ सुमारे २८४ येते. म्हणजे मारा सुमारे २८४ पट दूर, साडेपाच किलोमीटरांहून अधिक अंतरावर जाईल. हा अर्थात अंदाज आहे. उथळ पाणी, तळाचा आकार, माशाची जात आणि त्याची खोली यांमुळे तो बदलतो. पण डोहातल्या कांडीत आणि अणुबाँबमध्ये केवढा फरक आहे, हे त्यावरून कळते.

बिकिनीचे खारकच्छ

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटे आहेत. त्यांपैकी बिकिनी हे एक कंकणद्वीप. प्रवाळांनी, म्हणजे पोवळ्याच्या किड्यांनी, हजारो वर्षांत बांधलेली ही बेटे बांगडीच्या आकारात मांडलेली असतात आणि त्यांच्या मधोमध उथळ, शांत समुद्र असतो. त्याला खारकच्छ म्हणतात. १९४६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या नौदलाने बिकिनीच्या १६७ रहिवाशांना दुसऱ्या बेटावर हलवले. मासे आणि नारळ यांच्यावर जगणारी ही माणसे होती. थोड्याच दिवसांत परत येता येईल, असे त्यांना वाटले होते.

२५ जुलै १९४६ रोजी या खारकच्छात पृष्ठभागापासून सुमारे २७ मीटर खाली एक अणुबाँब फोडण्यात आला. या चाचणीचे नाव 'बेकर'. पाण्याखाली झालेला हा जगातला पहिला अणुस्फोट. युद्धनौकांवर अणुबाँबचा काय परिणाम होतो, हे नौदलाला पाहायचे होते. त्यासाठी जुन्या आणि शत्रूकडून घेतलेल्या कितीतरी नौका तेथे नांगरून ठेवल्या होत्या. स्फोट होताच पाण्याचा एक खांब उसळला. त्याची रुंदी सुमारे ६०० मीटर आणि उंची दीड किलोमीटरांहून अधिक होती. खांब कोसळला तेव्हा त्याच्या पायथ्याशी तुषारांचे एक दाट धुके तयार झाले आणि ते सर्व नौकांवरून लोळत गेले. अर्कान्सा ही जुनी युद्धनौका लगेच बुडाली. सॅराटोगा ही प्रचंड विमानवाहू नौका काही तासांत तळाला गेली.

पण ज्या नौका बुडाल्या नाहीत, त्यांनीच नौदलाला अधिक पेचात टाकले. हवेतल्या अणुस्फोटात किरणोत्सर्गी पदार्थांचा बराच भाग ढगाबरोबर उंच निघून जातो. येथे मात्र ते पाण्यातच अडकले आणि धुक्याबरोबर प्रत्येक नौकेवर बसले. खलाशांनी साबण, पाणी, क्षार वापरून नौका घासून काढल्या. उपयोग झाला नाही. रंगात, गंजात, लाकडात किरणोत्सर्ग मुरला होता. नौकांच्या बुडाशी वाढलेल्या शेवाळाने तो समुद्रातून शोषून घेतला होता. त्याच खारकच्छाचे पाणी या नौका धुण्यासाठी आणि इतर जहाजांवरही वापरले जात होते, हे विसरू नका.

माशाने काढलेले स्वतःचे छायाचित्र

अशा वेळी शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खारकच्छातला एक मासा पकडून तो काळोखात छायाचित्रणाच्या कोऱ्या काचेवर ठेवला. दिवा नाही, कॅमेरा नाही. काही काळाने काच धुतली, तेव्हा तिच्यावर माशाचा आकार उमटलेला होता! माशाच्या शरीरातून निघणाऱ्या किरणांनीच ते चित्र काढले होते. जणू त्या माशाने स्वतःचे छायाचित्र काढले. चित्रात माशाचे खवलेसुद्धा दिसत होते. म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य माशाच्या केवळ पोटात नव्हते, सबंध अंगभर पोहोचले होते.

हे चित्र ऑगस्ट १९४६ मध्ये चाचण्यांचे प्रमुख असलेल्या ॲडमिरल ब्लॅंडी यांना दाखवण्यात आले. खलाशी रोज त्याच पाण्यात वावरत होते. नौका स्वच्छ करण्याचे काम त्यांनी थांबवले. अधिक खोल पाण्यात करायची ठरलेली तिसरी चाचणीही रद्द झाली. मोजमापांचे कितीतरी आकडे जे पटवू शकले नव्हते, ते एका माशाने पटवून दिले.

हे द्रव्य माशाच्या अंगभर कसे पसरले? येथे रसायनशास्त्र मदतीला येते. अणुविखंडनातून निरनिराळ्या मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होतात. सजीवांना त्यांतला किरणोत्सर्ग ओळखता येत नाही. ते केवळ रासायनिक गुणधर्म ओळखतात. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमसारखे वागते, म्हणून स्ट्रॉन्शियम-९० हाडांत, शिंपल्यांत आणि पोवळ्यात जाऊन बसते. सीझियम हे पोटॅशियमसारखे वागते, म्हणून सीझियम-१३७ मांसात जाते. आयोडीन-१३१ समुद्रातल्या शेवाळात साठते.

प्रत्येकाचे आयुष्यही वेगळे. समुद्राच्या मिठातील सोडियमवर स्फोटातले न्यूट्रॉन आदळून सोडियम-२४ तयार होते. सुमारे १५ तासांत ते निम्मे उरते. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस, स्ट्रॉन्शियम-९० चे सुमारे २९ वर्षे, सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षे. आणि बाँबमधले जे प्लुटोनियम न फुटता तसेच राहिले व खारकच्छाच्या गाळात बसले, त्याचे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षे!

तरंगती शिडी

तुम्ही म्हणाल, महासागर केवढा मोठा! एवढ्या पाण्यात हे थोडेसे द्रव्य पसरून विरळ होणार नाही का? होते. समुद्रात मुळातच थोडा नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो, हेही खरे. पण सजीव उलट काम करतात. जे पाण्यात विरळ झाले, ते ते पुन्हा गोळा करतात. समुद्रात प्लवक नावाचे अतिसूक्ष्म जीव तरंगत असतात. ते पाण्यातून आपल्याला हवी ती मूलद्रव्ये शोषून घेतात. त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात, आणि मोठे मासे माणूस खातो. ही एक शिडीच आहे. सर्वच द्रव्ये वरच्या पायरीपर्यंत वाढत जातात असे नाही, पण काहींचे प्रमाण सजीवांच्या शरीरात पाण्यापेक्षा हजारो पटींनी अधिक होते.

याचा धडा जगाला १९५४ साली मिळाला. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे 'ब्राव्हो' नावाची हायड्रोजन बाँबची चाचणी झाली. ती पाण्याखाली नव्हती, प्रवाळाच्या पृष्ठभागावर होती. पण तिने समुद्रात सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला आणि चूर झालेले प्रवाळ आकाशात उडवले. ते पांढऱ्या राखेसारखे दूरवर पडले. त्या वेळी 'दायगो फुकुऱ्यु मारू' नावाची जपानी मच्छीमार बोट तेथून बऱ्याच अंतरावर ट्यूना मासे पकडत होती. बोटीवर २३ माणसे होती. सर्वजण किरणोत्सर्गाने आजारी पडले. बोटीवरचे बिनतारी संदेशक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मरण पावले.

त्यानंतर जपानच्या बंदरांत मासळी उतरवताना किरणोत्सर्ग मोजण्याची यंत्रे आणावी लागली. शेकडो बोटींनी आणलेल्या ट्यूनामध्ये किरणोत्सर्ग सापडला आणि ती मासळी फेकून द्यावी लागली. लोक मासे खायला भिऊ लागले, कोळ्यांचा धंदा बसला. मे १९५४ मध्ये जपानने 'शुनकोत्सु मारू' हे जहाज शास्त्रज्ञांसह बिकिनीच्या दिशेने पाठवले. त्यांना बिकिनीच्या पश्चिमेला दूरवर समुद्राच्या पाण्यात, प्लवकांत आणि माशांत किरणोत्सर्ग आढळला. पश्चिमेलाच का? कारण त्या भागात समुद्राचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो आणि पुढे जपानकडे वळतो. १९५५ मध्ये अमेरिकेनेही टॅनी नावाचे जहाज पाठवून पाहणी केली. चाचण्यांना वर्ष लोटले तरी पश्चिम पॅसिफिकमध्ये त्यांच्या खुणा अल्प प्रमाणात का होईना, पसरलेल्या होत्या.

गुरुजींना विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हांला देता येईल. समुद्राला कुंपण नाही. प्रवाह वाहतात, मासे पोहतात.

आणखी खोल

तरीही पाण्याखालच्या चाचण्या संपल्या नाहीत. पाणबुड्यांविरुद्ध अणुबाँब कसा वापरता येईल, हे नौदलांना जाणून घ्यायचे होते. १४ मे १९५५ रोजी अमेरिकेने सॅन दिएगो शहरापासून सुमारे ८०० किलोमीटर दूर, खुल्या महासागरात, ६१० मीटर खोलीवर ३० हजार टन शक्तीचा बाँब फोडला. या चाचणीसाठी सागरशास्त्रज्ञांनी मुद्दाम मासे आणि इतर जीव कमी असलेला भाग शोधून दिला होता. म्हणजे धोका आहे, हे तोपर्यंत सर्वांनाच ठाऊक झाले होते. १९५८ साली एनिवेटोक या कंकणद्वीपाजवळ दोन आणि ११ मे १९६२ रोजी पॅसिफिकमध्ये एक, अशा आणखी चाचण्या झाल्या. सोव्हिएत रशियाने आपली पहिली पाण्याखालची चाचणी २१ सप्टेंबर १९५५ रोजी उत्तर ध्रुवाकडील नोवाया झेमल्या या बेटाजवळ केली.

जमिनीखालच्या स्फोटानेही समुद्रजीव मरू शकतात. ६ नोव्हेंबर १९७१ रोजी अलास्काजवळच्या ॲमचिट्का बेटाखाली, जमिनीत खोलवर, अमेरिकेने सुमारे ५० लाख टन शक्तीचा बाँब फोडला. हादरा जमिनीतून समुद्रात गेला आणि तेथील शेकडो समुद्री पाणमांजरे मेली. त्यांच्या मृत्यूचे कारण किरणोत्सर्ग नव्हता. नुसत्या दाबाने ती मारली गेली. घोळ माशाच्या भोताची आठवण झाली ना?

भारताने काय केले?

२ एप्रिल १९५४ रोजी, ब्राव्हो चाचणीनंतर एका महिन्यात, पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत मागणी केली की, पुढचा करार होईपर्यंत निदान अशा चाचण्या तरी सर्वांनी थांबवाव्यात. परंतु केवळ भावनेने बोलून भागत नाही, मोजमापही हवे. म्हणून अणुस्फोटांच्या परिणामांविषयी डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी तयार केलेले पुस्तक भारत सरकारने १९५६ साली प्रसिद्ध केले. मुंबईजवळ तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रातील शास्त्रज्ञ त्याच दशकात हवा, पाऊस आणि दूध यांत आलेला किरणोत्सर्ग मोजू लागले. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ साली एक शास्त्रीय समिती नेमली. भारत तिचा पहिल्यापासून सभासद होता, आणि मुंबईचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातर्फे तिच्यात काम केले.

याच वर्षांत विनोबा भूदानासाठी गावोगाव पायी हिंडत होते. विज्ञानाला ते कधी नावे ठेवत नसत. विज्ञान वाढलेच पाहिजे, असे ते सांगत. पण विज्ञानाची हिंसेशी जोडी जमली तर सर्वनाश होईल आणि अहिंसेशी जमली तर सर्वांचे भले होईल, हा विचार ते पुनःपुन्हा मांडत. बिकिनीचा मासा त्यांच्या म्हणण्याचाच पुरावा होता.

५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांनी मॉस्को येथे करार केला. हवेत, अंतराळात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करायच्या नाहीत, असे त्यात ठरले. भारतानेही त्याच महिन्यात त्यावर सही केली. हा करार अपुरा होता, कारण जमिनीखालच्या चाचण्यांना त्यात मनाई नव्हती. फ्रान्स आणि चीन त्यात सामील झाले नाहीत आणि त्यांनी त्यानंतरही हवेत चाचण्या केल्या. भारताने १९७४ आणि १९९८ साली पोखरण येथे केलेल्या चाचण्या जमिनीखालीच होत्या. सर्व प्रकारच्या चाचण्यांवर बंदी घालणारा दुसरा करार १९९६ साली तयार झाला. तो अद्याप अमलात आलेला नाही, आणि भारताने त्यावर सही केलेली नाही. पण समुद्राच्या पोटात बाँब फोडणे १९६३ पासून थांबले, एवढे निश्चित.

आज बिकिनी कसे आहे?

२००२ साली शास्त्रज्ञांनी बिकिनीच्या पाण्यात बुडी मारून पाहणी केली. ब्राव्होच्या खड्ड्यातसुद्धा पोवळी वाढलेली होती. काही तर झाडांएवढी उंच झाली होती. मासेही भरपूर होते. निसर्गाची ही जिद्द पाहून आनंद होतो. पण चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. पूर्वी तेथे असलेल्या पोवळ्यांच्या सुमारे २८ जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असे त्यांना दिसले. आणि मासे भरपूर आहेत याचे एक कारण असे, की ते पकडायला तेथे माणसेच नाहीत! बिकिनीची काही कुटुंबे परत राहायला गेली होती. परंतु तेथील नारळ आणि इतर अन्नातून त्यांच्या शरीरात सीझियम-१३७ साठू लागले, म्हणून १९७८ साली त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. पोवळी परतली, पण माणसे परतली नाहीत.

समुद्राचा कान

शेवटी एक चांगली गोष्ट सांगतो. कोणी चोरून पाण्याखाली अणुस्फोट केला तर तो कळावा, म्हणून महासागरांत हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात ऐकणारे कान, बसवले आहेत. समुद्रात साधारण एक किलोमीटर खोलीच्या आसपास एक असा थर असतो, की त्यात ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो. ध्वनी वर किंवा खाली जाऊ लागला तरी तो वळून पुन्हा याच थरात येतो आणि हजारो किलोमीटर जातो. त्यामुळे समुद्रावरील अवघी अकरा केंद्रे जगातल्या सर्व महासागरांवर पाळत ठेवू शकतात. त्यांतले एक आपल्या हिंदी महासागरात, दिएगो गार्सिया येथे, कोकण किनाऱ्यापासून सुमारे तीन हजार किलोमीटर दक्षिणेला आहे.

या कानांनी अणुस्फोटाऐवजी दुसरेच काही ऐकले. जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी तपासताना शास्त्रज्ञांना हिंदी महासागरातल्या निळ्या देवमाशांचे, पूर्वी कोणाला ठाऊक नसलेले, एक वेगळे गाणे सापडले. त्यावरून या देवमाशांचा एक स्वतंत्र समूह असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. निळे देवमासे आपल्या किनाऱ्याजवळही येतात. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातल्याच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा एक निळा देवमासा वाहत आला होता. तो वाचू शकला नाही. जो प्राणी आपल्या जातभाईंना शेकडो किलोमीटरांवरून हाक मारतो, त्याच्यासाठी समुद्र शांत राहणे किती महत्त्वाचे आहे, याचा विचार करा.

स्फोट ऐकण्यासाठी बनवलेले यंत्र देवमाशाचे गाणे ऐकायलाही उपयोगी पडते. यंत्र तेच. ते कशासाठी वापरायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

आता पुढील प्रश्न सोडवून पाहा.

१. एका स्फोटाचा मारा १०० मीटर जातो. तो ३०० मीटर जायचा असेल, तर स्फोटक अंदाजे किती पट लागेल?

२. १९५८ सालच्या चाचणीत तयार झालेल्या स्ट्रॉन्शियम-९० पैकी २०१६ साली साधारण किती भाग उरला असेल?

३. एकाच स्फोटात सारख्याच अंतरावर एक घोळ आणि एक मुशी होती. घोळ मेली, मुशी वाचली. असे का झाले असेल?